नवं आणि न वापरलेलं

तांदळावरून भांडण सकाळीच होऊन गेलं होतं.

तसं भांडणही म्हणता येणार नाही. सिंधुबाईंनी ओवाळणीच्या ताटात अक्षतांची वाटी ठेवली, पूजाने ती उचलून परत स्वयंपाकघरात नेली, आणि सासूने सुनेकडे असं काही बघितलं की शेजारी उभा असलेला धाकटा रोहित उगाचच मोबाइल काढून त्यात डोकं घालून बसला.

"आई, तांदळाचा एक दाणा जरी तिकडच्या बंदरात सापडला ना, तरी अख्खा कंटेनर अडकतो. फूल नको, नारळ नको, तांदूळ नको. कुंकवाचं बोट लावा, आणि तेही मी नंतर पुसून घेणार आहे."

"अशी कोरडी पूजा मी बाई जन्मात केली नाय. लेकीला सासरी धाडताना कुणी मोकळ्या ओटीनं धाडतं व्हय?"

"लेक नाही आई, ब्लोअर आहे."

"घरात जन्मलं ती लेकच," सिंधुबाई म्हणाल्या, आणि नुसतं निरांजन घेऊन, ओठ घट्ट मिटून, घरामागच्या शेडकडे निघाल्या.

आडगाव शिवारातल्या त्या शेडमध्ये उगल्यांचे ब्लोअर बनत. ट्रॅक्टरमागे जोडायचं, मोठ्या पंख्याच्या वाऱ्याने द्राक्षबागेत औषध फवारायचं मशीन. दिंडोरीपासून निफाडपर्यंत धोंडीराम उगल्यांचं, म्हणजे पूजाच्या सासऱ्यांचं, नानांचं, मशीन नसलेलं गाव शोधून काढावं लागलं असतं. पण समुद्र ओलांडून चाललेली ही पहिलीच चार. ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळ द्राक्षमळे असलेल्या एका माणसाला रोहितने नाशिकच्या कृषी प्रदर्शनात गाठलं होतं. थोरल्या राकेशचा या प्रकाराला पहिल्यापासून विरोध. त्याला शेड एका मोठ्या कंपनीच्या सुट्या भागांच्या कामाला जुंपायचं होतं; महिन्याचं काम महिन्याला, डोक्याला ताप नाही. दोघा भावांत दिवाळीपासून जेवढ्यास तेवढंच बोलणं होतं. आणि राकेशच्या बायकोने, म्हणजे पूजाने, भर पंगतीत दिराची बाजू घेतली होती. "कागदांची जबाबदारी माझी," असं ती बोलून गेली, आणि त्या रात्री नवराबायकोत जे काही झालं ते दोघांनाच ठाऊक.

जबाबदारी तिने उगाच घेतली नव्हती. लग्नाआधी अंबडला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात तिने नोकरी केली होती. परदेशात आधी कागद पोचतो आणि मग माल, हे तिला तिथे कळलं होतं. इनव्हॉइसवर जे लिहिलं तेच पॅकिंग लिस्टवर, तेच नंबर, तेच वजन. माल भारतातच बनल्याचा दाखला वेगळा, लाकडी पेट्यांतली कीड उष्णता देऊन मारल्याचा शिक्का वेगळा. आणि या गठ्ठ्यात एक अगदी साधं पान होतं, कारखान्याच्या वतीने द्यायचं: ही यंत्रं नवी आहेत, न वापरलेली आहेत, त्यांना माती, बी, पाला काही लागलेलं नाही. खाली नाव टाइप केलेलं होतं, पूजा राकेश उगले. या घरात तिची सही आजवर मुलांच्या प्रगतिपुस्तकावर आणि गॅस सिलिंडरच्या पावतीवर चालत आली होती. या पानाची प्रिंट काढली तेव्हा ती जरा जास्तच वेळ त्याकडे बघत राहिली होती आणि कुणी पाहत नाही ना, हेही तिने बघून घेतलं होतं.

दुपारी कंटेनरची गाडी दारात लागली. ड्रायव्हरने आल्याआल्या सांगून टाकलं, "संध्याकाळच्या आत निघायला पायजे. उद्या बंदराचं गेट बंद झालं की जहाज काय आपल्यासाठी थांबत नाही."

गाडी दारात लागेपर्यंत ओवाळायचं नाही म्हणून थांबलेल्या सिंधुबाईंनी चारही मशीनं ओवाळली. पूजा ओल्या फडक्याने कुंकू पुसत, प्रत्येक मशीनचे खालून-वरून फोटो काढत पुढे सरकत होती. तिसऱ्या मशीनपाशी ती गुडघ्यावर बसली, मान वाकडी करून चाकाच्या आतल्या बाजूला मोबाइल नेला आणि तशीच राहिली.

रिमच्या आत काळी माती वाळून बसली होती. तिने नखाने उकरली, ढेकूळ तळहातावर आलं. मग ती उठून पंख्याच्या जाळीपाशी गेली. जाळीच्या मागे द्राक्षाच्या पानाचा एक तुकडा अडकला होता, अजून पुरता सुकलेलाही नव्हता.

"भाऊजी," तिने रोहितला हाक मारली, "हे मशीन बागेत कुणी नेलं होतं?"

रोहितने राकेशकडे बघितलं, राकेशने रोहितकडे. आणि मग दोघांनीही एकदमच नानांकडे बघितलं. नाना खुर्चीवर बसून चहा बशीत ओतत होते. त्यांनी तो शांतपणे फुंकून प्यायला, बशी खाली ठेवली.

"मी नेलं होतं. रविवारी शेडला सुट्टी होती. शेजारच्या कोंडाजीच्या बागेत दोन ओळी मारल्या. झकास चाललं मशीन. का गं?"

"नाना, मी तुम्हाला सांगितलं होतं..."

"तू सांगितलं होतंस, सोच्छ धुवून द्या. मी धुतलं की पाइप लावून! कोपऱ्यात राहिलं असंल थोडं."

"थोडं आहे की जास्त, हा प्रश्नच नाही. शेतात चाललेलं मशीन त्यांच्या लेखी नवं नसतं. त्याला तिकडच्या सरकारची वेगळी परवानगी लागते, आणि ती मशीन निघायच्या आधी लागते. त्यांचे मळे आहेत नाना. आपल्या मातीतला एखादा रोग त्यांच्या बागेत गेला तर?"

"कोंडाजीच्या बागेला रोग नाय."

"हे मी त्यांच्या कस्टमवाल्याला कसं सांगू? कोंडाजीकाकांची शपथ घालू?"

सिंधुबाई पदरात हसल्या. नानांना हसू आलं नाही. माणूस तसा रागीट नव्हे, पण मशीनचा विषय निघाला की त्यांचा आवाज आपोआप बसका आणि ठाम व्हायचा. "हे बघ पोरी. बागेत चालवून बघितल्याबिगर आपण मशीन कुणाला दिलं नाय. शेडमदी काय, कुठलंबी मशीन घुरघुर करतंय. औषध पानाच्या पाठीवर बसलं पायजे. डावनीचा रोग तिथनंच येतो. गिऱ्हाईक समोरचं असू दे नायतर सातासमुद्रापलीकडचं, त्याच्या पिकाची जबाबदारी माझ्यावर हाय."

पूजाला राग आला होता, आणि रागाची खरी पंचाईत ही होती की तिला त्यांचं पटत होतं. म्हाताऱ्याने कसूर केली नव्हती. त्याने आपला धर्म पाळला होता आणि नेमका त्यानेच तिच्या कागदाचा घात केला होता.

राकेश पुढे आला. "कशाला विषय वाढवतेस? प्रेशरचा पाइप घे, पुन्हा धुऊन काढू आणि ढकलू आत. खाली वाकून कोण बघतंय?"

"मी बघितलं ना आत्ताच. तेही तसेच बघतात. त्यांना त्याचाच पगार मिळतो."

"वहिनी, दादा बरोबर बोलतोय," रोहित म्हणाला, आणि पूजाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. "त्यांचा सीझन तोंडावर आलाय. चार सांगून तीन पाठवली तर तो माणूस म्हणेल, या लोकांना चारसुद्धा जमत नाहीत. पहिल्याच ऑर्डरला नाक कापलं जाईल. धुतल्यावर नवं काय आणि जुनं काय?"

दिवाळीपासून जेवढ्यास तेवढं बोलणारे दोघे भाऊ अखेर एका बाजूला आले, आणि तेही तिच्याविरुद्ध. ज्या दिरासाठी तिने नवऱ्याचा राग ओढवून घेतला, तोच आता नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. एरवी हे दृश्य बघून तिने देवापुढे साखर ठेवली असती.

"सही कुणाची आहे त्या पानावर?" तिने विचारलं.

तिने तळहातावरचं ढेकूळ दोघांपुढे धरलं.

"माझी आहे. उद्या तिकडे माती निघाली तर मशीन परत येईल नाहीतर तिथेच मोडतील, तो माणूस अडचणीत येईल, आणि पुढच्या वेळी उगल्यांचा कागद बघितला की बाजूला काढून ठेवतील. मी खोटं लिहून देणार नाही. तुमच्यापैकी कुणाला सही करायची असेल तर नाव बदलून प्रिंट काढते. सांगा, कुणाचं टाकू?"

राकेशने कपाळावरचा घाम पुसला. रोहित बुटाच्या टोकाने फरशीवरचा नसलेला कचरा ढकलू लागला. जबाबदारीचा कागद पुढे आला की पुरुषमाणसांना अचानक दुसरी कामं आठवतात, हे पूजाने नोकरीतच शिकून घेतलं होतं.

"तीन पाठवू," ती म्हणाली. "इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सगळं बदलून घेते. एजंट कुरकुरेल, पण करेल. चौथ्याचं त्या माणसाला खरं काय ते कळवू."

"तीन कुठली?" नानांनी विचारलं.

"जी बागेत गेली नाहीत ती."

"ती जायची नायत."

"म्हणजे?"

"मला एकच बघायला मिळालं. बाकीची आज सकाळी न्यायची होती, तर ह्या पोरांनी मशीनं चढवायला ट्रॅक्टर अडवून ठिवला. न बघितलेलं मशीन ह्या दारातनं भायेर पडणार नाय."

राकेशला हसू फुटलं. कडवट होतं, पण हसूच. "वा! जे चाललंय ते ही जाऊ देत नाही, आणि जी चालली नाहीत ती नाना जाऊ देत नाहीत. ड्रायव्हरला चहा पाजा आणि रिकामी गाडी परत लावा. मी म्हणत होतो ना, हे आपलं काम नाही?"

पूजाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने ते पडू दिलं नाही. सासरच्या माणसांपुढे नाही, आणि राकेशपुढे तर मुळीच नाही. पण एवढे महिने जुळवत आणलेलं सगळं अशा दोन खऱ्या माणसांच्या हट्टात अडकून बसावं, याचं तिला मनापासून वाईट वाटलं. त्यातली एक ती स्वतः होती, हे तर आणखीच वाईट.

"अहो," सिंधुबाईंनी नवऱ्याला हाक मारली. इतका वेळ त्या निरांजन हातात धरूनच उभ्या होत्या. "तुमाला बाग बघायचीय का पानाची पाठ बघायचीय?"

"पाठ."

"मग पानंच पायजेत. द्राक्षाचीच कशाला पायजेत?"

"झाडाचं कुठलंच पान चालणार नाही आई," पूजा घाईने म्हणाली.

"तू गप. सकाळपासून नको नको म्हणून माझं डोकं उठवलंस. झाडाचं कोण म्हणतंय?" त्यांनी निरांजन रोहितच्या हातात दिलं आणि त्या घराकडे चालू लागल्या.

परत आल्या त्या साड्यांचं गाठोडं घेऊन. गोधडीसाठी जपून ठेवलेल्या सुती साड्या, गडद हिरव्या, जांभळ्या, काठ विटलेल्या पण पोत अजून टिकलेला. त्यांनी एक साडी दातांनी थोडी तोडली आणि टर्रकन फाडली.

"आगं, आगं! गोधडीची हाय ना ती?" नाना उठलेच.

"गोधडी पुढच्या साली शिवीन. दोऱ्या बांधा रे. द्राक्षाच्या तारा बांधता तशा, दोन्ही अंगाला. त्याला ह्या चिंध्या पानासारख्या लोंबत्या बांधायच्या. चिंधी वाऱ्यानं उलटली आन मागनं भिजली, म्हंजे पान भिजलं. कोरडी राहिली तर मशीन नापास. साधं पाणी मारा. पूजा, पाणी चालतंय का तुझ्या त्या सायबाला?"

"स्वच्छ पाणी चालतं आई. कारखान्यात पाण्यावर तपासलेलं मशीन नवंच धरतात." पूजाला हसावं की रडावं कळेना. "नंतर टाकी पूर्ण सुकवायची, एवढंच. आणि पंख्यात एक धागासुद्धा राहता कामा नये."

"बघ, तिला धागाबी नको," सिंधुबाई म्हणाल्या, पण या वेळी ओठ मिटलेले नव्हते.

बोलता बोलता त्यांनी दोन खांबांमध्ये एक दोरी बांधून तिला दोनचार चिंध्या लटकवल्याही होत्या. सगळ्यांची नजर नानांकडे गेली. ते दोरी बघत होते, चिंध्या बघत होते, मनातल्या मनात ओळीचं अंतर मोजत होते. "दोरी खाली बांधलीय," ते शेवटी म्हणाले. "वेल छातीएवढ्या उंचीवर असतो. वर घ्या."

मग शेडचा नूरच बदलला. रोहित खांबावर चढून दोऱ्या ओढू लागला. पूजाने एका हाताने फोन कानाशी धरून एजंटला नवे आकडे सांगितले आणि दुसऱ्या हाताने चिंध्यांच्या गाठी मारल्या. एजंट कुरकुरलाच. तिने त्याला कुरकुरू दिलं. ट्रॅक्टरची चाकं आधी बाहेर धुऊन मगच आत घ्यायची, असं ती सांगणार होती, तोवर राकेश स्वतःच पाइप घेऊन चाकांपाशी बसला होता. कुणी सांगितलं नव्हतं. तिने बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

"फरशी पण मारून घेऊ का?" त्याने मान वर न करता विचारलं.

"घ्या ना," ती म्हणाली. एवढं साधं बोलणंही बऱ्याच दिवसांनी झालं होतं.

पहिलं मशीन राकेशनेच चालवलं. पंख्याने वेग घेतला, शेडचे पत्रे थरथरले, पाण्याचा धुरळा उठला आणि हिरव्या-जांभळ्या चिंध्या अंगात आल्यासारख्या नाचायला लागल्या. नाना दोरीच्या मागे, चिंध्यांच्या पाठीशी उभे राहिले. पांढरा सदरा, टोपी, सगळं निथळायला लागलं तरी हलले नाहीत. सिंधुबाई ओरडल्या, "अहो, न्युमोनिया व्हईल!" ते वाऱ्याच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

इंजिन थांबल्यावर ते एकेक चिंधी उलटून बोटांनी चाचपत गेले. वरची, मधली, खालची. डाव्या बाजूला खाली एकदोन कोरड्या निघाल्या. त्यांनी रोहितला बोट दाखवलं. "ह्यो नोजल जरा वर उचल. कोंडाजीच्या बागेत हे कळलं नसतं बरं का. तिथं खाली पानंच नव्हती." आणि आपण काय बोलून गेलो हे ध्यानात येऊन ते घाईघाईने पुढच्या मशीनकडे वळले. पूजाने ऐकलं होतं. घरात कोण कधी काय कबूल करतं, हे ऐकायला कान तयार ठेवावे लागतात.

तिन्ही मशीनं पास झाली. पुसली, वाळवली, जाळ्या उघडून धाग्यांसाठी तपासली, पुन्हा फोटो काढले. दरम्यान रोहित शेडबाहेर उभा राहून ॲडलेडशी बोलत होता. आत आला तेव्हा त्याचा चेहरा धड हसरा नव्हता, धड पडलेलाही नव्हता.

"काय म्हणाला?"

"खूश झाला नाही वहिनी. चार म्हणजे चार हवी होती त्याला. पण म्हणाला, हे आत्ता सांगितलंत ते बरं केलंत, बंदरात निघालं असतं तर पुन्हा तुमच्याशी व्यवहार केला नसता. चौथ्याच्या परवानगीचं बघतो, पण शब्द देत नाही. आणि..." तो जरा थांबला. "तुमचे कागद कोण बघतं, विचारत होता. पुढचं सगळं तिच्याशीच बोलेन म्हणाला."

"मग बोल म्हणावं की," राकेश म्हणाला. "तिला इंग्लिश येतं."

तिन्ही मशीनं चढली. चौथ्याची जागा कंटेनरमध्ये मोकळी राहिली, आणि ती बघून रोहितला वाईट वाटलंच. पूजाने नवं पान टेबलावर ठेवलं. ड्रायव्हर गाडीला टेकून घड्याळ बघत होता. नाना कोरडा सदरा घालून, डोक्याला पंचा गुंडाळून समोर येऊन बसले.

"वाच," ते म्हणाले. "इंग्रजीत नको. मला कळंल असं."

पूजाने पान हातात घेतलं. "उगले ॲग्रोने बनवलेली ही तीन यंत्रं नवी आहेत."

"हायत."

"ती शेतात वापरलेली नाहीत."

नानांनी मागे वळून चौथ्या मशीनकडे एकदा बघून घेतलं. "ही तीन नाय वापरली. बरोबर."

"त्यांना माती, बी, पाला, गवत काहीही लागलेलं नाही."

"तू खाली झोपून बघितलंस, मी सोत्ता पाहिलंय. पुढं."

"यातली माहिती खोटी निघाली तर त्याची संपूर्ण जबाबदारी माझी."

"तुझी एकटीची कशी काय?" नाना एकदम सावरून बसले. "मशीन मी बनवलंय, पोरांनी बनवलंय. आमची लिही."

"तसं लिहिता येत नाही नाना. एकाच माणसाचं नाव लागतं. काही झालं तर विचारायला त्यांना एकच माणूस हवा असतो." तिने पेन टेबलावर ठेवलं. "अजून वेळ आहे. तुमचं नाव टाकू का?"

राकेश काही बोलायला तोंड उघडत होता; सिंधुबाईंनी नुसत्या डोळ्यांनी त्याला गप्प केलं. नानांनी ते पान स्वतःच्या हातात घेतलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण खाली टाइप केलेल्या नावावरून त्यांनी हळूच बोट फिरवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"नको," ते म्हणाले, आणि पान तिच्यापुढे सरकवलं. "तुझंच राहू दे."